मागचं दार

लेक दीड वर्षानं घरी आली आणि पहिल्याच सकाळी तिनं न्हाणीघर नि संडास स्वतः घासून काढला. आमच्याकडे सात वर्षं कामाला येणाऱ्या बाई आठ वाजता आल्या, तेव्हा फरशी ओली होती आणि ब्रश लेकीच्या हातात होता. आज तुम्ही बसा, चहा घ्या, असं लेक त्यांना म्हणाली. बाई बसल्या नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, ‘‘दीदी, हमसे कोई गलती हो गई क्या?’’

तो प्रश्न दिवसभर घरात घुटमळत राहिला. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, एका जुन्या वाड्याच्या वाटणीतून आलेलं. माझी थोरली बहीण जवळच राहते. एकतीस वर्षं तिनं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. पासपोर्ट तिनं कधी काढला नाही. लेक जर्मनीत मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरातल्या त्या दुपारी दोघी गच्चीवर उन्हात बसल्या, मध्ये गजकाची बशी होती आणि विषय सकाळच्या ब्रशाचा होता. मी जवळच बसून बहुतेक वेळ ऐकत होतो. जे ऐकलं ते आठवेल तसं लिहितो आहे.

ताई : तुला काय वाटलं होतं, तिला बरं वाटेल?

लेक : बरं वाटेल असं नाही, पण ती घाबरेल हे मनातही आलं नव्हतं. आत्या, तिथं आम्ही एका घरात पाच जण राहतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता आहे. या आठवड्यात जिना कुणी झाडायचा, संडास कुणी घासायचा, सगळं नावानिशी लिहिलेलं असतं. पहिल्यांदा संडासासमोर माझं नाव आलं, तेव्हा मी ब्रश घेऊन बराच वेळ दारात नुसती उभी होते. बावीस वर्षांत मी एकदाही संडास घासला नव्हता. आणि आपण तो कधी घासलेला नाही, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

ताई : त्याआधी कधी जाणवलं नाही?

लेक : जाणवावं असं काही घडलंच नाही. म्हणून म्हणते, बाहेर पडावंच लागतं. घरात राहून घर दिसत नाही.

ताई : हे मला पटत नाही. घर पाहायला समुद्र ओलांडावा लागत नाही, मागच्या बोळात उतरावं लागतं. तुझ्या खोलीच्या खिडकीखाली तो बोळ आहे. तिथल्या भिंतीत विटांनी बुजवलेली एक चौकट आहे, पाहिलीस कधी?

लेक : पाहिली आहे. जुनी खिडकी असेल असं वाटायचं.

ताई : ते दार होतं. मी दहा वर्षांची असताना वाड्यात फ्लशचे संडास नव्हते. रोज पहाटे एक बाई त्या मागच्या दारानं यायची. टोपली, पत्र्याचा तुकडा, राख. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती त्याच दारानं जायची. पुढच्या अंगणात तिला मी कधी पाहिलं नाही. दिवाळीला आजी तिला जुनं लुगडं द्यायची, पण हातात नाही, वरून टाकायची. आम्ही तिला ‘मेहतरानी’ म्हणायचो. ते काही तिचं नाव नव्हतं, ती तिची जात होती. पुढे फ्लश आले आणि दार बुजवलं. पुढच्या पिढीला वाटलं, तिथं खिडकी होती.

लेक : मग हे तू मला आज का सांगते आहेस? एकतीस वर्षं इतिहास शिकवलास. सुट्टीत मला किल्ला दाखवलास, जयविलास दाखवलास, तानसेनच्या कबरीपाशी नेलंस. या भिंतीपाशी एकदाही नेलं नाहीस.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं जे उत्तर दिलं, त्यात सबब नव्हती.

ताई : नाही नेलं. पुस्तकात महादजी होते, पानिपत होतं. मागचं दार पुस्तकात नव्हतं आणि मी ते तोंडी सांगितलं नाही. आपल्याच घराची गोष्ट होती म्हणून सांगितलं नाही. हा तुझा मुद्दा मी मान्य करते.

लेक : मग माझं म्हणणं खोटं कसं? ज्यांनी पाहिलं ते बोलले नाहीत. मला ते दिसायला भिंतीवरचा तक्ता लागला.

ताई : खोटं नाही, अर्धं आहे. पुढे सांग. त्या तक्त्यानंतर काय काय दिसलं?

लेक : घर मिळवणं. मी चाळीसेक ठिकाणी अर्ज केले असतील. बहुतेकांची उत्तरंच आली नाहीत. एका जाहिरातीला मी लिहिलं त्याच दिवशी माझ्या जर्मन मैत्रिणीनं लिहिलं. तिला संध्याकाळी फोन आला, मला आजवर नाही. मी पगार, जामीन, विद्यापीठाचं पत्र, सगळं जोडलं होतं. फरक फक्त नावाचा होता. त्या रात्री मी खूप रडले. आपलं नाव वाचूनच कुणी कागद बाजूला ठेवतो, हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही. पुस्तक वाचून नाही कळत.

ताई : तुला जे झालं ते वाईटच झालं. त्यात दुसरं काही म्हणायचं नाही. पण तुला ते पहिल्यांदा झालं, हे लक्षात घे. आपण मराठी लोक इथे कोण? 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला, त्या तळाचं हे लष्कर झालं. आपण इथे बाहेरून आलो. भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. अजूनही जुने लोक आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणतात. पण कुणी आपल्याला घर नाकारलं नाही, कारण घरं वाटणारेच आपण होतो. तिकडे महाराष्ट्रात उत्तरेकडून पोटासाठी गेलेल्याला ‘परदेशी’ म्हणायचे, ते त्याचं आडनाव होऊन बसलं. दोघंही घर सोडून आलेले, पण एक तलवारीबरोबर आला आणि एक मोलमजुरीला. जर्मनीत तू पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं आत गेलीस.

लेक : म्हणजे परदेशात गेल्यानं ते कळलंच ना?

ताई : तुला कळलं. सगळ्यांना तिथं तेच कळतं असं समजू नकोस. जुलै 1913 मध्ये एक मुलगा मुंबईहून न्यूयॉर्कला पोचला. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याची शिष्यवृत्ती दिली होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन, ड्यूई अशा माणसांसमोर तो बसला. त्या मुलाला, म्हणजे बाबासाहेबांना, तिथं काय वाटलं असेल? तुझ्या उलट. वर्गात कुणी लांब बसवत नव्हतं, पाण्याच्या नळाशी कुणी अडवत नव्हतं.

लेक : आणि परत आल्यावर बडोद्याची ती पारशी धर्मशाळा.

ताई : 1917. बडोदा संस्थानात नोकरीला आले आणि शहरात राहायला जागा मिळेना. पारशांच्या सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. पुढे त्यांनी लिहिलं आहे की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती. स्टेशनवर उतरताच, जायचं कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा ती परत आली. तू घर सोडून गेलीस तेव्हा तुला दार बंद मिळालं. ते घरी परत आले तेव्हा त्यांना दार बंद मिळालं. आगबोट तीच, प्रवास तोच, शिकवण अगदी उलटी. मग परदेश माणसाला काय शिकवतो, याचं एकच उत्तर कसं देता येईल?

यावर लेक गप्प झाली. गजकाचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. ती पुढे जे बोलली ते तिनं आम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

लेक : आमच्या शहरात मराठी मुलांचा गणपती असतो. मागच्या वर्षी मी गेले होते. मोदक, आरती, सगळं अगदी घरच्यासारखं. जेवताना एका मुलानं प्रत्येकाला आडनाव आणि गाव विचारायला सुरुवात केली. मी ग्वाल्हेर म्हटल्यावर तो खूश झाला, सरदार घराणं का, असं विचारलं. माझ्या शेजारी विदर्भातली एक मुलगी होती. तिची पाळी यायच्या आत ती पाणी आणायला म्हणून उठली आणि परत आलीच नाही. पुढे आमची ओळख वाढली. ती महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आली आहे, वर्षाला 75 जणांना मिळते ती. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न काय असतो ते तिला पाठ आहे. मी तिला माझं घर शोधण्याचं रडगाणं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला इथे जर्मनांची भीती वाटत नाही.

ताई : एवढंच म्हणाली?

लेक : एवढंच. मला त्याचा अर्थ लागायला दोन दिवस लागले. त्या जेवणात मी मजेत मोदक खात होते, आत्या. त्या प्रश्नात काही वावगं आहे हे माझ्या गावीही नव्हतं. जर्मन घरमालकानं नाव वाचून कागद बाजूला ठेवला तेव्हा मी रडले, आणि आपल्या पंगतीत नाव विचारून माणूस उठवला तेव्हा मी जेवत राहिले.

ताई : म्हणजे आपण जात बरोबर घेऊन गेलो.

लेक : मोदकाच्या पिठाबरोबर. आता तिकडे लोकांच्या लक्षात यायला लागलं आहे. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठानं 2019 मध्ये भेदभावाविरुद्धच्या नियमांत जात हा शब्द घातला. 2022 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं आणि 2023 मध्ये सिएटल शहरानं तेच केलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही त्याच वर्षी विधेयक मंजूर केलं होतं, पण गव्हर्नरांनी ते सही न करता परत पाठवलं.

ताई : सिएटलचं तुला तारीखवार माहीत आहे. 2 एप्रिल 2018 ला तू कुठे होतीस?

लेक : इथेच. घरी.

ताई : ॲट्रॉसिटी कायद्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता, त्याविरुद्ध दलित संघटनांनी भारत बंद पुकारला होता. या शहरात गोळ्या चालल्या, माणसं मेली. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना, तिन्हीकडे कर्फ्यू लागला. थाटीपूर आपल्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. त्या दिवशी आपल्या घरात काय बोलणं झालं, आठवतं?

लेक : इंटरनेट बंद होतं. ते कधी सुरू होणार, एवढंच. मी सोळा वर्षांची होते आणि मला माझी मालिका पूर्ण करायची होती.

ताई : मी साठीला टेकले होते. मीही दुधाचीच काळजी करत होते. म्हणून तुला म्हणते, दुरून दिसणं सोपं असतं. दुरून पाहायला काही पडत नाही. तुझ्या बापानं राहता हिस्सा गहाण ठेवून व्हिसासाठीच्या जर्मन खात्यात 11,904 युरो भरले, दहा लाखांच्या वर. इतकं भरून माणसाला विषमता कळणार असेल, तर हे शिक्षण फार महाग आहे आणि फार थोड्यांना परवडणारं आहे.

इथे मला वाटलं की ताई जिंकली. पण लेक मागे हटली नाही आणि तिनं रमाबाईंना मध्ये आणलं.

लेक : पंडिता रमाबाई 1886 ला अमेरिकेत गेल्या. आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभाला हजर राहायला गेल्या आणि तिथं दोनेक वर्षं राहिल्या. 1889 मध्ये त्यांनी त्या प्रवासावर मराठीत पुस्तक काढलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. मी तिकडच्या लायब्ररीत त्याचं इंग्रजी भाषांतर वाचलं, मराठी पुस्तक इंग्रजीतून. त्यात तिथल्या बायकांच्या संस्थांचं तोंडभर कौतुक आहे आणि काळ्या लोकांना, तिथल्या मूळ रहिवाशांना गोरे कसे वागवतात, तेही लिहिलं आहे. त्या नुसत्या दिपून गेल्या नाहीत आणि नुसतं नाकही मुरडलं नाही. हे त्यांना घरी बसून लिहिता आलं असतं का?

ताई : नसतं आलं. पण रमाबाई निघाल्या कुठून ते बघ. लहानपणापासून आईवडिलांबरोबर पुराण सांगत देशभर पायी हिंडलेली मुलगी. दुष्काळात आईवडील गेले. जातीबाहेर लग्न केलं, दोन वर्षांत नवरा गेला, कडेवर तान्ही मुलगी. एवढं सगळं डोळ्यांत साठवून ती बाई आगबोटीत चढली. अमेरिकेत जे दिसलं ते ताडून बघायला तिच्याकडे माप होतं.

लेक : आणि माझ्याकडे नव्हतं. बरोबर. पण ते माप मला तिथंच तयार करावं लागलं, कारण इथे कुणी दिलं नाही. आणि रमाबाईही जे करायचं ते तिकडची मदत घेऊन करू शकल्या. बोस्टनच्या लोकांनी संस्था काढून पैसे जमवले आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडलं. बाबासाहेबांनी जातींच्या उगमावरचा पहिला निबंध कुठे वाचला? कोलंबियात, मे 1916 मध्ये. घरच्या दुखण्यावर दूर बसून लिहिण्यात काही कमीपणा नाही, आत्या. काही वेळा तेवढीच जागा सुरक्षित असते. 2022 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला अट घातली, भारताची संस्कृती, इतिहास किंवा भारतीय समाज यावर परदेशात संशोधन करायचं असेल तर पैसे मिळणार नाहीत. ही शिष्यवृत्ती प्रामुख्यानं दलित, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर यांच्या मुलांची. दुरून बघण्यात काही बळ नसतं, तर ते दार कशाला बंद केलं असतं?

ताई : *(थोड्या वेळानं)* हे मी मनात धरून ठेवते. हे तुझं बरोबर आहे.

लेक : आणि तिकडे सगळं समान आहे असं मी म्हणतच नाही. आमच्या ट्राम स्टॉपवर एक म्हातारी रोज येते. कचऱ्याच्या डब्यात बाटल्या शोधते. दुकानात बाटली परत दिली की डिपॉझिटचे पैसे मिळतात, प्लास्टिकच्या बाटलीला 25 सेंट. त्यावर ती काही भागवत असणार. इतक्या श्रीमंत देशात. लोक तिच्यासाठी बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून ठेवतात. तिला घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. मलाही ते फार आवडलं होतं, मीही ठेवायला लागले. आज तू लुगड्याचं सांगितलंस आणि माझ्या पोटात कालवलं. आजी वरून टाकायची, आम्ही शेजारी ठेवतो. आमची रीत जास्त सभ्य आहे. पण ती तिथं का उभी आहे, हे आजीनं विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ताई : तिचं नाव माहीत आहे?

लेक : नाही. आणि तो देश नावांच्या बाबतीत किती जागरूक आहे सांगू? रस्त्यात फरसबंदीत मध्येच पितळेच्या पट्ट्या लावलेले छोटे दगड दिसतात, वीतभरही नाहीत, दहा सेंटिमीटरचे. नाझींनी ज्यांना ओढून नेलं, ती माणसं शेवटी जिथं स्वतःच्या मर्जीनं राहत होती त्या घरासमोर एकेकाचा दगड. इथे राहत होते, असं लिहून खाली नाव, जन्माचं वर्ष, कुठे नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंतानं 1992 मध्ये सुरुवात केली, आता एक लाखाच्या वर झाले आहेत. वाचायचं तर मान खाली घालावीच लागते. मी कुठलाही दगड ओलांडून जात नाही, थांबून वाचते.

ताई : आपल्या मागच्या दाराशी दगड बसवायचा ठरवला, तर त्यावर काय लिहिशील?

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. तिघांनाही नाव माहीत नव्हतं. घरात ते सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही.

लेक : बाबा, आणि आज सकाळी आल्या होत्या त्या मावशींचं आडनाव काय?

सात वर्षं ती बाई माझ्या घरी येते आहे. तिच्या मुलाला ताप होता तेव्हा मी औषध आणून दिलं होतं, मुलीच्या लग्नाला पैसे दिले होते. मी स्वतःला भला माणूस समजतो. आडनाव मला सांगता आलं नाही. पंगतीत आडनाव विचारतात ते माणसाची जागा ठरवायला. जिची जागा आधीच ठरलेली आहे, तिला ते विचारायचं कुणाला सुचत नाही. हे माझ्या त्या क्षणी ध्यानात आलं, आणि ते मला ना परदेशानं शिकवलं होतं ना लष्करानं.

ताई : आता सकाळच्या ब्रशाचं ऐक. तू तो हातात घेतलास, चांगलं केलंस, रोज घे. पण तिला काय वाटलं? आपली रोजी जाते आहे. तुमच्या त्या घरात तक्ता पाच जणांत फिरतो, कारण ते पाचही जण भाडं भरून सारखे राहतात. इथे तू तिचं काम काढून घेतलंस तर समता येत नाही, तिच्या घरची चूल विझते. आधी पगार तोच राहील असं सांग. आठवड्याची सुट्टी दे. मग ब्रश घे.

लेक : आणि चहा?

ताई : चहाचंही तसंच. तिचा स्टीलचा पेला खिडकीत वेगळा असतो. तो तिथं कुणी ठेवला, हे या घरात कुणालाच आठवणार नाही. तू काही दिवसांनी परत जाशील. पेल्याचं मी आणि तुझा बाप बघतो. तू एक कर. पुढच्या गणपतीला कुणी आडनाव विचारायला लागलं, तर ती मुलगी उठायच्या आत तू बोल.

लेक : बोलेन.

सूर्य मावळतीला गेला आणि दोघी बशी घेऊन खाली आल्या. कोण बरोबर ठरलं ते मी सांगू शकत नाही. लेकीनं परदेशात जाऊन जे पाहिलं ते तिला इथे कुणी दाखवलं नव्हतं, ही आमची चूक आहे. ताई म्हणते तेही खरं, की तिथं जे दिसलं त्याची परतफेड इथल्या बोळात करावी लागते, नाहीतर तो फक्त महागडा प्रवास होतो. मुलांना बाहेर पाठवणाऱ्या माझ्यासारख्या आईबापांना मला एवढंच सांगायचं आहे. बॅग भरताना लोणचं, मसाले, गोधडी भरतो, तशी आपल्या घराच्या मागच्या दाराची गोष्टही त्यांना सांगून पाठवा. तिकडे कुणी त्यांचं नाव वाचून कागद बाजूला ठेवला, तर त्यांना रडू येईलच. पण त्यांना तेव्हा आणखी कुणीतरी आठवेल.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मी हिशेबाची वही काढली. दूध, पेपर, वीज, आणि सात वर्षं एकाच शब्दानं चाललेलं एक खातं : ‘बाई’. मी त्यांना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग सांगितलं. तो शब्द खोडून मी ते तिथं लिहिलं आणि त्याखाली महिन्याच्या चार सुट्ट्या मांडल्या.